पाहुण्यांच्या बाजूची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे आणि मला राग आलेला आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू सहसा गोड बोलतात, डोळे पुसत आठवणी सांगतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी सध्या तळघरात धूळ खात पडले आहे आणि माझ्या मनात जे आहे ते मी स्पष्ट सांगणार आहे.

माझे लाकूड इथले नाही. समुद्रापलीकडच्या खंडात एक खाणीचे गाव आहे. त्या गावाजवळच्या रानात मी झाड म्हणून उभी होते. मला तोडले, जहाजात घातले. त्याच जहाजात खाणीतून काढलेला कच्चा धातूही होता. इथे आल्यावर त्या धातूच्या तारा झाल्या, यंत्रे झाली, आणि माझी खुर्ची झाली. तिकडे खड्डे आणि बुंधे राहिले. याला दोन खंडांमधला व्यापार म्हणतात, हे मला पुढे बैठकांत बसून कळले.

मला घडवले ते सुतारकाकांनी. माणूस तोंडाने तिखट, पण हात असा की लाकडाने खूश व्हावे. वाटाघाटींच्या मोठ्या टेबलासाठी त्यांनी एकसारख्या खुर्च्या केल्या आणि प्रत्येकीच्या चारही पायांना अगदी खाली एकेक कोरीव कडी काढली. मला त्या कडीचा फार अभिमान होता. तो फार काळ टिकला नाही.

एक दिवस कार्यालयातले व्यवस्थेचे साहेब आले. टेबलाभोवती फिरले, बसून पाहिले आणि म्हणाले, "पाहुण्यांच्या बाजूच्या खुर्च्या दोन बोटं कमी करा."

"कमी म्हणजे? पाय कापू?" सुतारकाका म्हणाले.

"हो. बोलताना आपली माणसं जरा वर दिसली पाहिजेत."

"अहो, खालची कडी जाईल. आणि पाहुण्यांच्या लक्षात आलं तर?"

"खुर्चीखाली वाकून कोण बघतंय?"

सुतारकाका बराच वेळ पुटपुटत राहिले, पण करवत चालवली. माझ्या चारही कड्या लाकडाच्या भुशात पडल्या. समोरच्या बाजूच्या माझ्या बहिणी तशाच राहिल्या, आणि खरे सांगते, त्या दिवसापासून त्यांचा तोरा बघवत नव्हता.

पुढे वर्षानुवर्षे पाहुणे येत राहिले. आपल्या देशात मोठी असलेली माणसे माझ्यावर बसली की त्यांचे गुडघे वर यायचे, कोपर टेबलावर नीट टेकायचे नाही आणि समोरच्याशी मान वर करून बोलावे लागायचे. का ते त्यांना समजायचे नाही. ती पुढे सरकत, मागे सरकत, आणि शेवटी सही करून मोकळी होत. कच्चा धातू द्यायचा आणि तयार माल विकत घ्यायचा, हीच ती सही. यजमान या प्रकाराला आधी मदत म्हणत, मग सहकार्य म्हणू लागले. फोटो छान यायचे. माझी स्तुतीही व्हायची, "काय भक्कम खुर्ची आहे!" म्हणून. अशा स्तुतीला चूल दाखवावी.

मग जग बदलले. यजमानांच्या जुन्या दोस्त देशाने त्यांच्याच मालावर जबर कर लावला. तिकडे तिसऱ्याच खंडातले लोक खाणीच्या देशात बंदरे बांधू लागले आणि धातूला चांगला भाव देऊ लागले. इथल्या कारखान्यांना धातू पुरेना. तेव्हा आमच्या बैठकीच्या खोलीत एकदम 'भागीदारी' हा शब्द आला. मदत, सहकार्य, भागीदारी! शब्द चढत गेले, माझे पाय तेवढेच राहिले.

आणि एका सकाळी त्या बाई आल्या. खाणीच्या गावातल्याच, आता त्यांच्या देशाच्या व्यापारमंत्री. त्या माझ्यावर बसल्या. समोर इथले मंत्री, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत.

"माझे वडील याच बाजूला बसले होते," बाई म्हणाल्या. "जुना करार त्यांनीच केला. घरी येऊन म्हणाले, तिथे गेलो आणि मला माझाच आवाज लहान वाटायला लागला. लोक अजून त्यांना भित्रा म्हणतात. या वेळी धातू गाळायचा कारखाना आमच्या गावात व्हायला हवा. मी तसा शब्द देऊन आलेय."

मोठ्या साहेबांनी मान हलवली ती नाही म्हणायलाच. कच्चा माल द्या, बाकीचे आम्ही बघतो, हेच जुने तुणतुणे. आवाज चढले. बाई तावातावाने वळल्या, कानातले भाषांतराचे यंत्र निसटून टेबलाखाली पडले. त्या ते उचलायला वाकल्या आणि तिथेच थांबल्या. समोरच्या सगळ्या पायांना कोरीव कड्या होत्या. आपल्या बाजूला एकही नव्हती.

त्या वर आल्या. चेहरा लाल झाला होता, पण आवाज शांत होता. "खुर्च्या बदलू या."

"खुर्च्यांनी काय फरक पडतो?" मोठे साहेब हसले.

"मग बदलायला काय हरकत आहे?"

साहेबांना नाही म्हणता येईना. शिपायांनी दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांची अदलाबदल केली. साहेब धुसफुसत माझ्यावर बसले आणि मित्रांनो, मला इतका आनंद कधी झाला नव्हता. कोट सावरला, पाठ ताठ केली, पुढे सरकले, मागे सरकले, काही उपयोग नाही. समोर बाईंची कोपरे ऐटीत टेबलावर. तासाभरात साहेबांच्या तोंडी 'विनंती' शब्द आला. जेवणाच्या सुट्टीआधी त्यांनी कारखाना मान्य करून टाकला. फक्त सही राहिली होती.

इथेच माती खाल्ली त्यांनी. सुट्टीत साहेबांनी शिपायांना हळूच सांगितले, "खुर्च्या होत्या तशा करा. सहीचा फोटो सगळीकडे जाणार आहे."

बाई परत आल्या. बसल्या नाहीत. आधी वाकून माझे पाय पाहिले.

"कारखाना देताय, पण दोन बोटं देववत नाहीत," त्या म्हणाल्या. "मग कारखाना तरी आमच्याकडे किती दिवस राहू द्याल?"

"एवढ्याशा गोष्टीवरून?" साहेब ओरडले. "करार मोडताय तुम्ही."

"एवढ्याशाच गोष्टीसाठी तुम्ही जेवण सोडून खुर्च्या हलवल्यात."

सहीविना सगळे उठले. साहेब पाय आपटत गेले. खोली रिकामी झाल्यावर बाई माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि त्यांनी फोन लावला. "बाबा, कारखाना नाही मिळाला अजून. पण एक सांगायचंय. तुम्ही घाबरला नव्हता. खुर्ची कापलेली होती." बाईंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला.

कारखाना पुढे झाला, पण तिसऱ्या खंडातल्या लोकांबरोबर. त्यांच्याकडच्या खुर्च्या कशा आहेत, मला माहीत नाही. बाई वाकून बघतील याची मात्र खात्री आहे.

नंतर मोठ्या साहेबांनी म्हाताऱ्या सुतारकाकांना बोलावले. माझे पाय वाढवायला सांगितले.

"कापलेलं लाकूड वाढत नाही, साहेब. सारखं करायचं तर समोरच्या उंच खुर्च्या कापायला लागतील."

ते मात्र साहेबांना चालेना. म्हणून आम्हा सगळ्यांनाच तळघरात टाकले आणि नव्या खुर्च्या आणल्या. त्यांना खाली उंची वाढवायची एक दांडी असते. बैठक सुरू झाली की दोन्ही बाजूंची माणसे हळूच ती ओढतात म्हणे.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, पॉलिश करा, असले मागणे माझे नाही. कोणाला घरी बोलावून शेजारी बसवाल, भागीदार म्हणाल, तेव्हा त्याच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीत आधी तुम्ही बसून बघा. गुडघे वर येत असतील तर निदान त्याला भित्रा म्हणू नका.