घेवड्याचे डबे

जयसिंग कंपनी कामगाराचा मुलगा. पाठांतराच्या जोरावर एम.एस्सी. झाला, आणि त्या पाठांतराचाच त्याला मनापासून तिटकारा. पिंपरीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवत असताना सुट्टीतल्या एका शिबिरात त्याला नवा विचार मिळाला: मुलांच्या मनात आधीपासून काय बसलंय ते विचारा आणि शिकवणं तिथून सुरू करा. झालं, गडी झपाटला.

त्र्याहत्तरच्या जूनपासून त्याने नोट्स सांगणं बंद केलं. झाडाचं वजन येतं कुठून, असं त्याने पहिल्या वर्षाच्या वर्गाला विचारलं. मातीतून, असं चाकणकडची शेतकऱ्यांची पोरं छातीठोकपणे म्हणाली. बरोबर की चूक ते न सांगता त्याने वाळवलेली माती तोलून डब्यांत भरायला लावली, घेवडा पेरायला लावला. तराजू पिंपरी कॅम्पातल्या वाण्याकडून मागून आणला. वेल वाढल्यावर माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती जवळजवळ तेवढीच भरली.

पोरांनी वजनं पुन्हा तपासून पाहिली. कस्तुराने मात्र विचारलं, "सर, मग एवढा वेल आला कशातून?"

कस्तुरा कासारवाडीची. नापास झालीस की कॉलेज बंद आणि लग्न, असं घरी ठरलेलं. हवा, पाणी, ऊन असं करत उत्तर तिनेच शोधलं, तेव्हा जयसिंगला आभाळ ठेंगणं झालं.

परीक्षेत प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या आणि टप्पे विचारले. कस्तुराने डब्यांची हकिगत लिहिली आणि ती नापास झाली.

तिचे वडील भिवा शिफ्ट सुटल्यावर थेट कॉलेजात आले. जयभीम झाला. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "सर, तुमी कसं पास झालात?"

"पाठ करून," जयसिंग म्हणाला.

"मंग माझ्या पोरीला तेवढंच का न्हाई दिलं?"

 जयसिंगने हात जोडून ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत मुदत मागितली आणि भिवांनी ती दिली.

मग रोज तास सुटल्यावर तो नोट्स सांगायचा आणि कस्तुरा मान खाली घालून उतरवून घ्यायची. मध्येच थांबून तो आशेने विचारायचा, काही शंका आहे का?

"नाही सर. पुढचं सांगा."

ती चांगल्या मार्कांनी पास झाली. भिवांनी जयसिंगला घरी जेवायला बोलावलं. पोरगी आनंदाने वाढत होती, सगळे त्याला दुवा देत होते, आणि तो मात्र जेवता जेवता तिच्या एखाद्या प्रश्नाची वाट बघत होता.