मोठ्या साहेबांचा कोबीवरचा हात

मी मोठ्या साहेबांचा पुतळा बोलतोय. कोणते साहेब, ते विचारू नका. आमच्या बल्गेरियात एके काळी त्यांचं नाव लोक उभं राहून घ्यायचे, मग कुजबुजत घ्यायला लागले, आणि आता पोरं विचारतात, "कोण हे आजोबा?"

आम्ही चौघे भाऊ एकाच साच्यातून निघालो. तोच चेहरा, त्याच मिशा, पुढे उगारलेला तोच उजवा हात. नशिबं तेवढी चार. थोरला डॅन्यूबपलीकडे रुमानियात गेला. त्याला वितळवून नळाच्या तोट्या केल्या म्हणे, आता तो घरोघरी गळतो. दुसऱ्याला हंगेरीत दोर लावून पाडला. तिसरा अल्बानियात एका गोदामामागे भिंतीकडे तोंड करून उभा आहे, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा.

मी धाकटा. मला दोब्रिलोव्हो या लहानशा गावाच्या चौकात उभं केलं.

अनावरणालाच अपशकुन झाला. पडदा ओढला तो माझ्या नाकात अडकला. बँडवाल्यांनी तीच धून तीनदा वाजवली, तरी पडदा निघेना. गर्दीत भूगोलाचे मेतोदी मास्तर बायकोच्या कानात म्हणाले, "राहू दे की. साहेबांचा डोळा लागला असेल." आणि स्वतःच फिस्सकन हसले.

तीन दिवसांनी गाडी आली आणि मास्तरांना घेऊन गेली. एका हसण्यापायी माणूस पाच वर्षं खाणीत दगड फोडायला गेला.

त्यांची बायको राडका सहकारी खानावळीत स्वयंपाकीण होती. रोज सकाळी कामावर जाताना ती माझ्यासमोर थांबायची, नीट नेम धरून थुंकायची आणि पुढे जायची. मी काय करणार? डोळे मिटायची सोय साच्यातच नव्हती.

पुढे साहेब वारले. वारल्यावर तीन वर्षांनी ते अपराधी ठरले. वरून हुकूम आला: सोमवारपर्यंत पुतळा दिसता कामा नये.

गावच्या पक्षाचे सेक्रेटरी केहायोव्ह यांची झोप उडाली. "फोडला आणि उद्या साहेब पुन्हा चांगले ठरले तर? ठेवला आणि नाही ठरले तर?" शेवटी त्यांनी मला दडवायचं ठरवलं. मी मावेन एवढं रुंद दार गावात एकच होतं, खानावळीच्या तळघराचं. खाली उतरवताना माझा उजवा हात खांद्यापासून निखळला.

थंडीच्या तोंडावर राडकाने लाकडी पिंपांत कोबी मिठाच्या पाण्यात घातला. वर फळी ठेवली. फळीवर वजन हवं, नाहीतर कोबी वर येतो आणि नासतो. तिने इकडेतिकडे पाहिलं, मग माझा हात उचलून धुतला आणि दाणकन फळीवर आदळला.

"इतकी वर्षं आम्हाला दाबलंस. आता कोबी दाब."

केहायोव्ह धावत आले. "अहो बाई, काय करताय! साहेबांचा हात आहे तो!"

"मग तुम्ही बसता का पिंपावर?"

केहायोव्हनी पिंपाकडे पाहिलं, आपल्या पोटाकडे पाहिलं, आणि जिना चढून गेले.

त्याच हिवाळ्यात मास्तर सुटून आले. केस पांढरे, बोटं वाकडी. बोलायचे जेमतेम, आणि हसायचे तर मुळीच नाहीत. पोरांनी वर्गात बोकड आणून बांधला, तरी त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. राडका पिंपापाशी बसून एकटीच म्हणायची, "देह परत पाठवला मेल्यांनी. माणूस ठेवून घेतला."

एके दुपारी राडका पिंपापाशी बसली असताना मास्तर घण घेऊन तळघरात आले. मला वाटलं, भरली आपली घटका. त्यांनी घण उचलला, तेवढ्यात त्यांची नजर पिंपाकडे गेली.

"राडका, हे काय?"

"हात आहे. त्याला धक्का लावू नकोस. कोबी आता कुठे आंबायला लागलाय. बाकीचा काय फोडायचा तो फोड."

मास्तर बघत राहिले. साहेबांचं ते बोट, उज्ज्वल भविष्याकडे रोखलेलं, आता थेट मिरच्यांच्या माळेकडे रोखलेलं होतं. त्यांच्या नाकातून आधी एक सूं निघाला. मग खांदे हलले. मग ते घण टाकून खालीच बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. राडकाने वर जाऊन दार लावून घेतलं, आणि दाराला टेकून ती रडली. मला सगळं ऐकू येत होतं.

पुढची तीस-बत्तीस वर्षं मी कोबीच्या वासात काढली. खरं सांगतो, चौकापेक्षा सुखात होतो.

मग राज्य बदललं. राजधानीतल्या संग्रहालयाचे लोक मला न्यायला आले. निघायच्या दिवशी मास्तर काठी टेकत आले आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "जा बाबा. तुझ्यावर राग नाही. तू कुठे काय बोललास? चुगली केली ती त्या अनावरणाच्या दिवशी माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाने. आणि तो अजून रोज सकाळी मला 'नमस्कार, मास्तर' म्हणतो."

आता मी संग्रहालयाच्या मागच्या बागेत गवतावर आडवा आहे. अंगावर पाटी नाही. उन्हं आली की माळीणबाई माझ्या छातीवर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलते.

तुमच्या गावात उद्या कुणी जिवंत माणसाचा पुतळा उभारायचा म्हणालं, तर माझं एवढं ऐका. पुतळ्याकडे बघत बसू नका. टाळ्या वाजवताना जरा मागे वळून बघा, कोण उभं आहे ते.