खांद्यात इंचभर कमी

बस थांब्यावरची बाई मंगळवारी सकाळी सव्वादहाला मेली, आणि अकराच्या आत गल्लीतल्या प्रत्येकाकडे त्यामागचं कारण तयार होतं. पोस्टात खिडकीवर बसणारी बाई. तिचं कुणाशी वैर नव्हतं, भांडण नव्हतं. तोंडाला रुमाल बांधलेला एक माणूस आला, रांगेतल्या तिघांवर त्याने सुरा चालवला आणि निघून गेला. पळालासुद्धा नाही, चालत गेला. दोघं दवाखान्यात पोचले, बाई जागीच गेली. हे का झालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण 'ठाऊक नाही' एवढे दोन शब्द म्हणायला आपल्या लोकांची जीभ अडते, बाकी कशालाही अडत नाही.

ही कारणं जमायची ती मास्तरांच्या दुकानात. मास्तर म्हणजे शिंपी. दाराशी मशीन, मध्ये कापायचं टेबल, भिंतीला एक बाक, आणि त्या बाकावर बूड टेकायला आलेली माणसं. त्यात तिघं ठरलेले. शाळेतून निवृत्त झालेले हेडसर, कोपऱ्यावरचा औषधवाला, आणि विमा विकणारा एक गृहस्थ, ज्याला कुणी विमा विकू देत नसे म्हणून तो दिवसभर मोकळा असे.

"संस्कार," हेडसर म्हणाले. "घरात संस्कार नाहीत, दुसरं काय?"

"गोळ्या खातात हो ही पोरं," औषधवाला म्हणाला. स्वतःच्या दुकानात तो कोणत्या गोळ्या कुणाला विकतो हे त्याला कुणी विचारलं नाही.

"बेकारी," विमावाला म्हणाला. "रिकामं डोकं, सैतानाचं घर."

मास्तर मान खाली घालून मशीन चालवत होते. ते वाईट माणूस नव्हते. हात सरळ, शिवण सरळ. एकच खोड होती. "माझ्या हातचा कपडा तीस वर्षांत परत आलेला नाही," हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणत. गल्लीही ते ऐकून घेई, कारण कपडे खरंच चांगले बसायचे.

बुधवारी टीव्हीवर कॅमेऱ्यातली क्लिप दाखवली. चेहरा रुमालात, पण शर्ट स्वच्छ दिसत होता. निळ्या-करड्या चौकडीचा, डाव्या छातीवर खिसा. चौकडीच्या शर्टाला सगळे शिंपी खिसा सरळ लावतात, रेघ रेघेला मिळवतात. मास्तर तो मुद्दाम तिरका कापत. आसपासच्या चार गल्ल्यांत असा खिसा दुसरं कुणी लावत नव्हतं.

"हा माझा शर्ट आहे," मास्तर म्हणाले.

बाकावरचे तिघं एकदम गप्प झाले. असं वर्षातून एकदा होत असेल.

मास्तरांची एक मापवही होती. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान, पानावर मापं, आणि कोपऱ्यात त्या कापडाची कतरण टाचणीने लावलेली. मास्तरांनी पानं उलटली आणि निळी-करडी चौकडी बरोबर सापडली. पान होतं पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या एका माणसाचं, मागच्या आळीत आईबरोबर राहणाऱ्या. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, रात्रपाळी करणारा, येताजाता खाली बघणारा. मास्तर वही घेऊन पोलीस चौकीत गेले. कुणी ढकललं नव्हतं, स्वतःच्या पायांनी गेले.

पोलिसांनी त्याच दुपारी त्याला उचललं. तो झोपलेला होता. शर्ट घरातच मिळाला, दोरीवर वाळत घातलेला. धुतलेला. झालं, आणखी काय हवं? निरपराध माणूस शर्ट धुतो कशाला, असं औषधवाला म्हणाला, आणि हे बोलताना त्याच्या अंगात पांढराशुभ्र, त्याच दिवशी धुतलेला शर्ट होता. मंगळवारी सकाळी मुलगा घरी झोपला होता, असं आई सांगत होती. पण आईची साक्ष कोण धरतो?

मग सुतावरून स्वर्ग गाठायला सगळे मोकळे झाले. तो मोबाइलवर खेळायचा. तो कुणाला नमस्कार करत नसे. त्याचा बाप लहानपणीच घर सोडून गेला होता. तो डबा एकटाच खायचा. रस्त्यावरच्या मांजरांशी बोलायचा. विमावाल्याची जरा पंचाईत झाली, कारण आरोपीला चांगली नोकरी निघाली. पण तोही हार जाणारा नव्हता. "नोकरी होती, पण मनाजोगती नव्हती," तो म्हणाला, आणि बेकारीचा मुद्दा जागच्या जागी उभा राहिला. टीव्हीवर सहा चौकटींतून सहा विद्वान एकमेकांच्या अंगावर ओरडत होते. सहाही जणांना तो माणूस जन्मापासून ठाऊक असावा असं वाटत होतं. मास्तरांचीही मुलाखत झाली. दुकानासमोर उभं राहून, गळ्यात टेप अडकवून, ते दीड मिनिट बोलले. हेडसरांनी पेपरातला क्लिपचा फोटो कापून दुकानाच्या भिंतीला चिकटवला. खाली लिहिलं, 'आमच्या मास्तरांची नजर'.

पंपाच्या मालकाने त्याचं नाव हजेरीतून काढलं. आईच्या दारावर कुणीतरी शेण फेकलं. तिला नळावर पाणी भरू देईनात. हे सगळं करणारी माणसं त्या मेलेल्या बाईच्या नावाने करत होती, आणि त्यातल्या एकाने तरी पोस्टात तिला कधी नाव विचारलं होतं का, कोण जाणे.

चौदाव्या दिवशी आक्का परत आली. मास्तरांची ही थोरली बहीण. दुकानाच्या मागच्या अर्ध्या खोलीत बसून काज-बटणं, हातशिलाई, उसवाउसवी, सगळं तिच्याकडे. लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिला भिंतीवरचा फोटो दिसला. चष्मा पुसून ती जवळ गेली.

"हा आपला बिघडलेला शर्ट ना रे?"

मास्तरांचा पाय मशीनवरच थांबला.

"कुठला बिघडलेला?"

"पंपावरच्याचा. तो खांद्यात घट्ट झाला म्हणून घेऊन आला होता. तू त्याच कापडातून दुसरा शिवून दिलास आणि हा ठेवून घेतलास. खांदा इंचभर कमी पडला होता. बघ, इथे बाहीची शिवण वर चढलीय. दुसऱ्याची अशी नव्हती, तो मीच इस्त्री करून दिला होता."

मास्तरांनी वही काढली. वहीत एकच पान, एकच कतरण, एकच शर्ट. कारण बिघडलेला कपडा मास्तर वहीत लिहीतच नसत. त्यांच्या वडिलांनीही लिहिला नव्हता. धंद्याची रीत होती ती. बिघडलं ते गुपचूप गिळायचं, नवं शिवून द्यायचं, गिऱ्हाइकाला गप्प राहायची विनंती करायची. तीस वर्षांत कपडा परत आला नाही तो असा. आणि इतक्या वर्षांत तेच वाक्य रोज म्हणून म्हणून, तो शर्ट परत आला होता हे मास्तर खरोखरच विसरले होते.

"मग तो शर्ट गेला कुठे?" त्यांनी विचारलं.

"मी दिला. डेपोमागच्या बेघरांच्या निवाऱ्यात जुन्या कपड्यांची गोणी पाठवली, तीत घातला. वर्ष झालं." आक्काने भावाच्या तोंडाकडे पाहिलं. "का रे? काय केलंस तू?"

मास्तरांनी सांगितलं. आक्का खाली बसली. मग एवढंच म्हणाली, "ऊठ. चप्पल घाल."

चौकीतल्या साहेबांना ही जोडी बघून आनंद झाला नाही. तपास मार्गी लागला होता, वरून शाबासकी आली होती. "मास्तर, आधी तुम्हीच म्हणालात तुमचा शर्ट."

"माझाच आहे, साहेब. पण दोन होते."

"ते तो पोरगाही सांगत होता. पण वहीत एक आहे."

"बिघडलेला मी लिहीत नाही."

"का?"

"लाज वाटते म्हणून."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग आक्का पुढे झाली. जप्त केलेला शर्ट मागवा म्हणाली, टेप टाकून खांदा मोजला. क्लिपमधल्या माणसाची शिवण खांद्याच्या हाडावर चढलेली होती, या शर्टाची पंपावरच्याच्या अंगावर दोन बोटं खाली उतरत होती. धुतलेल्या शर्टावर रक्ताचा मागमूस नाही, हे तपासणीत आधीच आलं होतं. पण धुतल्यामुळे गेला असेल, असं धरून तो कागद फायलीत तळाशी ठेवला होता. तो आता वर आला. दुसऱ्या दिवशी पोलीस निवाऱ्यात गेले. खाटेखाली घडी करून ठेवलेला शर्ट मिळाला, सुरा मिळाला, माणूसही मिळाला. का केलंस विचारल्यावर तो भिंतीकडे बघत राहिला. चार दिवसांनी पंपावरच्याला सोडलं.

हे सगळं कळल्यावर बाकावरच्यांनी तोंड लपवावं की नाही? छे. "तरी लक्षणं होतीच त्याच्यात," हेडसर म्हणाले. "आज नाही तर उद्या केलंच असतं." औषधवाला म्हणाला, मास्तरांनी उगाच हात दाखवून अवलक्षण केलं. गल्लीचं नाव टीव्हीवर आलं होतं, आता हसं झालं. विमावाल्याला नवा आरोपी बेकार निघाला याचा एवढा आनंद झाला की त्याने सगळ्यांना चहा पाजला. संस्कार नाहीत, गोळ्या खात असणार, रिकामं डोकं. शब्द तेच, फक्त माणूस बदलला. जणू कारणंही तयार कपड्यांसारखी एकाच मापाची, कुणालाही चढवा.

मास्तरांनी भिंतीवरचा फोटो ओरबाडून काढला. "उठा," ते म्हणाले. "बाक आजपासून गिऱ्हाइकांसाठी."

"अहो मास्तर, चर्चा तर सगळीकडेच चालली होती," हेडसर समजुतीने म्हणाले.

"दुसरीकडे करा. माझ्या दुकानात माणूस कापून झाला, आता मला कापड कापू द्या."

ते पुटपुटत उठले. त्यांच्या मागोमाग दारात एक बाई उभी राहिली. पंपावरच्याची आई. आक्काने स्टूल पुढे केलं, पण ती बसली नाही.

"भांडायला आले नाही, मास्तर," ती म्हणाली. "तुम्ही परत गेलात, खरं सांगितलंत, ते कळलं मला."

मास्तर हात जोडून उभे होते.

"पण माझ्या हातून एक झालंय. पंधरा दिवस रात्रंदिवस ऐकत होते. तो असा, तो तसा, बाप नव्हता म्हणून, एकटा असायचा म्हणून. खोटं किती वेळ ऐकायचं माणसाने? कोठडीत भेटायला गेले, तेव्हा मी त्याला विचारलं. केलंस का रे, म्हणून." तिने पदराचा बोळा तोंडात धरला, मग सोडला. "मी आई आहे त्याची. तो घरी झोपला होता, घोरत होता, मी स्वतः पांघरूण घातलं होतं. तरी विचारलं. आता घरी आलाय, पण माझ्याशी बोलत नाही. माझ्या हातचं खात नाही. तुम्ही येऊन सांगा त्याला. चूक कुणाची ते."

मास्तरांनी मशीनवरचं कापड तसंच सोडलं आणि तिच्यामागून निघाले. आक्काही निघाली.

मागच्या आळीतली एक खोली. दार खरवडून धुतलेलं, तरी डाग राहिलेला. तो खिडकीशी जमिनीवर बसला होता. मास्तरांना पाहून उठला, सवयीने खाली बघायला लागला.

"तुझा पहिला शर्ट मी बिघडवला होता," मास्तर म्हणाले. "ते लपवलं. त्यातून हे सगळं झालं. तुझ्या आईचा काही दोष नाही, बाबा. तिच्या कानात आम्ही सगळ्यांनी विष ओतलं."

तो म्हणाला, "टीव्हीवर तुम्ही बोललात ते मला कोठडीत दाखवलं. हवालदाराने, मोबाइलवर."

त्या दीड मिनिटात आपण काय बोललो होतो, ते मास्तरांना शब्द न् शब्द आठवत होतं.

"तुम्ही म्हणालात, माप घेताना हा अंग चोरतो. नजर देत नाही. मनात पाप असलेला माणूस टेपखाली बरोबर कळतो."

"म्हणालो," मास्तर म्हणाले.

"गुदगुल्या होतात मला," तो म्हणाला. "काखेपाशी टेप आली की मी आक्रसतो, लहानपणापासून. तुम्ही तेव्हाच विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

मास्तर जमिनीवर बसले. आईने पाण्याचा तांब्या आणला, तो त्यांनी आधी त्याच्यापुढे सरकवला.