दोन गव्हर्नर, एक भिंत

"अहो, हे काय आणलंत?" गाडीची काच खाली करून मी ओरडले.

अमेरिकेतल्या ट्रेंटनच्या सरकारी इमारतीच्या मागच्या दारातून आमचे हे ढकलगाडी घेऊन येत होते. जानेवारीतली थंडी, कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली, आणि ढकलगाडीवर आमच्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेला भलामोठा ढीग. चादर सकाळीच मागून नेली होती. ऑफिसात चादर कशाला, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

"आधी डिकी उघड. हात गारठले."

"पण आहे काय त्यात?"

"गव्हर्नर," हे म्हणाले.

डिकीत मावले तेवढे ठेवले, उरलेले मागच्या सीटवर दीपाच्या शेजारी. चादर जरा सरकली आणि काचेमागून एक हसरा, टाय लावलेला माणूस आमच्या आठ वर्षांच्या लेकीकडे बघू लागला. त्याच्या खाली तोच, आणि त्याच्या खालीही तोच.

"डॅड, डिड यू स्टील द गव्हर्नर?"

"चोरला नाही गं. त्याची मुदत संपली."

आता हे सगळं नीट सांगायचं तर आधी ह्यांची नोकरी सांगायला हवी. अमेरिकेला मी आधी आले, नागपूरहून, नर्स म्हणून. दोन वर्षांनी दीपाला घेऊन हे आले. तिकडे शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, मुलं त्यांना पंडितसर म्हणायची. इकडे एडिसनच्या अपार्टमेंटमध्ये वर्षभर स्वयंपाक करून बसले. कुणाकडे गेलो की लोक ओळख करून द्यायचे, 'हे रत्नाचे मिस्टर'. हे हसायचे, पण घरी येताना गाडीत एक शब्द बोलायचे नाहीत.

मग राज्य सरकारच्या एका खात्यात भिंतीवरच्या वस्तूंचं काम मिळालं. घड्याळं, सूचनाफलक, साहेबांच्या दारावरच्या पाट्या. लावायच्या, काढायच्या. पहिले सहा महिने नोकरी कच्ची. जानेवारी संपताना मिसेस नोव्हाक नावाच्या मॅडम सही करणार, की पक्की. त्या सहीकडे आम्ही दोघं डोळे लावून बसलो होतो. मी वरवर दाखवत नव्हते एवढंच.

तेवढ्यात गव्हर्नर, म्हणजे इकडचा मुख्यमंत्रीच म्हणा, बदलला. जुन्याच्या दोन मुदती झाल्या होत्या, त्याला पुन्हा उभं राहता येत नव्हतं. निवडणूक इतकी चुरशीची झाली की मतं पुन्हा मोजावी लागली, आणि शेवटी निवडून आला तो दुसऱ्या पक्षाचा. शपथविधीच्या दिवशी नव्याच्या फोटोंची खोकी आली. मॅडम म्हणाल्या, आजच्या आज सगळ्या खोल्यांमध्ये लागले पाहिजेत.

ह्यांनी लावले. पट्टी धरून, एका रेषेत, जुन्याच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या इमारतीत हसाहशी. प्रत्येक भिंतीवर दोन गव्हर्नर, दोन पक्षांचे, खांद्याला खांदा लावून. राज्य नक्की कोण चालवतंय, असं विचारायला वरच्या मजल्यावरून फोन आला म्हणे. मॅडम लालबुंद.

"अहो, पण जुना काढायचा असतो एवढं कळू नये?" मी त्या दिवशी कपाळाला हात लावला होता.

"कुणी सांगितलं मला काढायला? आपल्या शाळेत पुढाऱ्यांचे फोटो वाढत जायचे. दर पंधरा ऑगस्टला मी स्वतः पुसायचो. नवा आला म्हणून जुन्याला कधी उतरवलं का आपण? त्याने काय गुन्हा केला?"

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कच्च्या नोकरीतल्या माणसाची चूक सगळ्या इमारतीत गाजावी, हे काही चांगलं लक्षण नव्हतं. मॅडमनी हुकूम दिला होता, जुने सगळे उतरवायचे आणि मागच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचे. ह्यांनी उतरवले. पुढचं मात्र त्यांच्याच्याने झालं नाही, म्हणून ती चादर.

घरी आल्यावर सोफ्यामागे गव्हर्नर, पलंगाखाली गव्हर्नर, दीपाच्या कपाटाला टेकून गव्हर्नर. भिंतीवरचे बाबासाहेब आणि बुद्ध तेवढे आपल्या जागी शांत होते. माझा पारा चढला.

"सरकारी माल न विचारता घरी आणला. उद्या मॅडमनी विचारलं तर?"

"खरं सांगीन."

"मग नोकरी गेली समजा. पुन्हा बसा घरी. लोकांना काय सांगू मी?"

हे सोफ्यामागे वाकले. एक फोटो गुडघ्यावर घेऊन बाहीने काच पुसत बसले. मग म्हणाले, "रत्ना, माझ्या बापाचा एकही फोटो नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबला. एकदा तालुक्याला फोटोवाल्याकडे नेईन म्हटलं होतं, ते राहूनच गेलं. आता मला त्याचे डोळे आठवतात, पण हनुवटी आठवत नाही. आणि कुणाचा फोटो मी माझ्या हाताने त्या घाणीत टाकू? नाही होत गं माझ्याकडून."

सासऱ्यांना मी पाहिलेलं नाही. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत ही गोष्ट ह्यांनी मला कधी सांगितली नव्हती. मी उठले. आत जाऊन कुकर लावला आणि डोळे पुसले.

पण नर्सचं डोकं रडून झाल्यावर लगेच कामाला लागतं. शुक्रवारी मला सुट्टी होती. दीपाला शाळेत सोडून मी ह्यांना आणि सगळ्या गव्हर्नरांना गाडीत घातलं.

"हे बघा, गुपचूप नेऊन स्टोअररूममध्ये ठेवू. कुणाला कळायच्या आत. टाकले नाहीत, ठेवले होते, असं म्हणता येईल."

"बरं," हे म्हणाले. माझ्याशी वाद नको असला की हे असंच 'बरं' म्हणतात.

मी गाडी लावून वळते तोवर हे थेट मॅडमच्या खोलीकडे निघाले. मी मागून धावले. दार उघडं होतं. मिसेस नोव्हाक टेबलाशी उभ्या होत्या, अंगात स्वेटर, डोळ्यांखाली काळं. टेबलावर खोकी होती, त्यांत एक कुंडी, कॉफीचा मग, मुलांच्या फोटोंच्या चौकटी.

"मॅडम, ते फोटो मी कचऱ्यात टाकले नाहीत," हे इंग्रजीत म्हणाले, एकेक शब्द मोजून मापून. "माझ्या घरी नेले होते. आता गाडीत आहेत."

मी डोळे मिटून घेतले.

"का नेलेस?" बाईंनी विचारलं.

ह्यांनी बापाचं सांगितलं. मोडक्या इंग्रजीत, मला सांगितलं त्याच्या अर्धंच, पण हनुवटीचं सांगितलं. बाई खुर्चीत बसल्या. खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"मला जुन्या गव्हर्नरच्या लोकांनी इथे आणलं," त्या म्हणाल्या. "सोमवारी या खुर्चीत नव्याचा माणूस येणार. आज माझा शेवटचा दिवस. सकाळपासून एकजण नीट बोलायला आला नाही. सगळे सोमवारच्या तयारीत."

मग माझ्याकडे बघून जरा हसल्या. "तुझा नवरा हट्टी आहे?"

"फार," मी म्हणाले.

त्यांनी खणातून ह्यांचा कागद काढला आणि आमच्यासमोर सही केली. "फोटो मी टाकायलाच सांगितले होते. टाकलेली वस्तू सरकारची राहत नाही. कुठे ठेवायची ते तू बघ, पंडित."

म्हणजे गव्हर्नर पुन्हा आमच्याच घरी. चालेल, म्हटलं. त्या क्षणी त्या बाईंनी अख्खं विधिमंडळ आमच्याकडे ठेवायला दिलं असतं तरी मी जागा केली असती. मला इतका आनंद झाला होता की हसावं की ह्यांचा हात धरावा, कळत नव्हतं. हात धरला.

खोकी खाली न्यायला आम्ही दोघांनी मदत केली. बाई कोट घालून दारापाशी आल्या आणि थबकल्या. दारावर त्यांच्या नावाची पितळी पाटी अजून होती. ती काढणं हे ह्यांचं काम, आणि आजचंच काम. बाईंनी ते ओळखलं. "मी गेल्यावर काढ हवं तर," त्या हळूच म्हणाल्या.

"नाही मॅडम," हे म्हणाले.

खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून त्यांनी एकेक स्क्रू सावकाश सोडवला. पाटी हातात आल्यावर आपल्या रुमालाने पुढून पुसली, मागून पुसली, कडेची धूळ बोटाने काढली. मग दोन्ही हातांनी बाईंपुढे धरली. बाईंना आपली पद्धत कुठून माहीत असणार, पण त्यांनीही ती दोन्ही हातांनी घेतली.

खोक्यात नाही ठेवली. छातीशी धरून बर्फातून जपून पावलं टाकत आपल्या गाडीपर्यंत गेल्या.

सोमवारच्या साहेबांची नवी पाटी ह्यांच्या खिशातच होती, कागदात गुंडाळलेली. बाईंची गाडी फाटकाबाहेर पडून दिसेनाशी होईपर्यंत हे खिडकीशी उभे राहिले, आणि मगच त्यांनी ती बाहेर काढली.