दुखत नाही म्हटल्यावर

मावशीच्या पाठीतल्या बारीक नळीला जोडलेला औषधाचा पंप बंद दिसला आणि डॉक्टरीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भूल द्यायचं काम तिचं, ती नळीही तिनेच बसवलेली. सख्खी मावशी म्हणून नव्हे. पेशंट कुणीही असतं तरी ती अशीच भडकली असती.

कालच मावशीची गर्भपिशवी काढली होती. पाठीतून औषध चालू होतं तोवर तिची साखर कशी गुमान होती. आता ती भलतीच चढली होती, नाडी धावत होती आणि मावशी ओठ दाबून छताकडे बघत पडली होती.

सर्जन दारातच सापडले.

"अहो, त्यांना दुखतच नव्हतं. मग पंप कशाला?"

"पंप चालू होता म्हणून दुखत नव्हतं!" ती एवढ्यांदा ओरडली की अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. "पोट कापल्याची बातमी मेंदूपर्यंत गेली की शरीर बोंब मारतं, सर. कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनालिन, सगळी फौज बाहेर पडते. साखर चढते, हृदय दमतं. ती बातमी मी पाठीतच अडवली होती, आणि तुम्ही वाट मोकळी करून दिलीत!"

"माझ्यावर कशाला डाफरताय? तुमच्या मावशीनेच हात जोडले. बंद करा म्हणाल्या."

ती तरातरा आत आली. "तू सांगितलंस?"

मावशीने छतावरची नजर तिच्याकडे वळवली. मग म्हणाली, "सकाळी तुझे काका आले होते. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, काही दुखत नाही बघा. तर म्हणाले, मग परवाच घरी चल. ताई यायचीय राहायला."

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. तिला चहासुद्धा हातात लागतो.

"म्हणून दुखवून घेतलंस?"

"दुखत असलं की कुणी उठवत नाही गं. बाळंतपणं सोडली तर मी निजून कधी राहिले, सांग?"

तिला रडू आलं नाही, संताप आला. सर्जनवर आला होता त्याच्या कितीतरी पट काकांवर, आणि थोडा या बाईवरही, जी एवढंसं मागायला स्वतःचं पोट दुखवून घेते. तिने रक्तदाब पाहिला, पंप पुन्हा चालू केला आणि मावशीचं कपाळ सैल होईपर्यंत तिथेच बसून राहिली. दुपारी साखर उतरायला लागली.

संध्याकाळी काका आले. मावशी गाढ झोपली होती. डॉक्टरीणबाईंनी त्यांना दारातच गाठलं.

"फार दुखतंय तिला. अजून महिनाभर तरी दुखणार."

"सकाळी तर म्हणत होती..."

"सकाळचं सोडा. उठवायचं नाही, काही उचलायला सांगायचं नाही."

काकांचा चेहरा पडला. "मग ताईचं कोण करणार?"

"तुम्ही," ती म्हणाली, आणि दारात आडवी उभी राहिली.