महादेवरावांचा ताण

नरखेड तालुक्यातल्या संत्राबागाईतदारांत महादेवरावांच्या शब्दाला वजन होतं, आणि ते किती आहे हे इतरांपेक्षा त्यांना स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं. त्यांचा हातखंडा म्हणजे ताण देणं. आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरतानाचा फुलोरा, धरायचा तर डिसेंबरात झाडांचं पाणी तोडावं लागतं. पानं मलूल होतात, काही गळतात, नवखा माणूस घाबरून मधेच पाणी सोडून बसतो. पण झाड पुरतं तहानू द्यायचं आणि मग पाणी द्यायचं. त्या पहिल्या पाण्यानंतर झाड असं फुलतं की पान दिसू नये. कोणत्या झाडाला किती ताण सोसेल, हे महादेवराव नुसतं पान चुरगाळून सांगत, आणि आजूबाजूच्या गावांतली माणसं विचारायला येत.

असा माणूस खर्ऱ्यापुढे हात टेकेल असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यांना स्वतःला तर मुळीच नाही.

खर्रा ते तरुणपणापासून खात. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घ्यायचा, तळहातावर खसाखसा घोटायचा आणि गालात धरायचा. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीपासून मयतीच्या गर्दीपर्यंत कुठेही हा आवाज ऐकू येतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. महादेवरावांनाही वाटत नव्हतं. मग दिवाळीनंतर ते नागपुरात सक्करदऱ्याला मुलीकडे, अंजूकडे गेले, तिनं हौसेनं गुपचूप, म्हणजे पाणीपुरी, खायला नेलं, आणि गुपचूप तोंडात जाईना. ते ओठांवरच फुटलं आणि सगळं पाणी सदऱ्यावर सांडलं. गाडीवाला हसला. अंजू हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं बापाला दातांच्या डॉक्टरकडे नेऊन बसवलं.

डॉक्टर दिपाली वयानं अंजूएवढीच होती. तिनं पट्टीनं तोंड मोजलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "काका, गालाच्या आतली कातडी आवळत चालली आहे. खर्रा कायमचा सोडून रोज व्यायाम केलात तर आहे ते टिकेल, थोडं उघडेलही. चालू ठेवलात तर एक दिवस घास जाणार नाही. आणि अशाच तोंडात पुढे कॅन्सर होतो."

"एवढंच ना?" महादेवराव म्हणाले. "इतक्या झाडाइले ताण देतो बाई, स्वतःले नाई देऊ शकत का?"

घरी येताच त्यांनी वच्छलाबाईंना बातमी दिली. "औंदा झाडाइसंगं मी बी ताणावर."

"पाहू जी," वच्छलाबाई म्हणाल्या. चार दशकांच्या संसारात त्यांनी नवऱ्याच्या बऱ्याच घोषणा ऐकल्या होत्या.

पण कमाल झाली. डिसेंबर लागला, बागेचं पाणी तुटलं, आणि महादेवरावांचा खर्राही तुटला. पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखलं, चिडचिड झाली, मग सगळं सुरळीत. जेवण झालं की थोडी हुरहुर वाटे, ती बडीशेपेवर भागे. महादेवरावांची छाती फुगली. पारावर बसून ते लोकांना ऐकवू लागले की व्यसन-बिसन काही नसतं, माणसाचं मन लेचंपेचं असतं. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या गालात खर्रा होता, त्यांनी माना डोलावल्या.

संक्रांतीच्या सुमाराला ताण पुरा झाला, झाडं पाण्यावर आली. महादेवरावांनी विहिरीजवळ जाऊन स्टार्टरचं बटण दाबलं. मोटर घूं करून सुरू झाली, आणि त्यासरशी त्यांच्या तोंडाला असं पाणी सुटलं की ते स्वतःच चकित झाले. हात आपोआप खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता.

नेमके तेव्हाच धुऱ्यापलीकडून, बांध ओलांडून, आनंदराव आले. आनंदराव म्हणजे शेजारचे शेतकरी आणि लहानपणचे दोस्त. वर्षानुवर्षांचा रिवाज होता: इकडे मोटर सुरू झाली की तिकडून आनंदराव यायचे, पाणी ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत दोघं विहिरीपाशी बसायचे आणि पन्नी निघायची. आजही निघाली.

"महिनाभर सोडला गा तू," आनंदराव घोटता घोटता म्हणाले. "मोठी गोष्ट हाय. एक खाय. बक्षीस समज."

महादेवरावांना ते पटलं. पटायला वेळही लागला नाही. ताण सोसला की पाणी द्यायचंच असतं, हा तर त्यांचाच कायदा. झाडांना पहिलं पाणी मिळतंय, मग मलाही एक.

तो खर्रा इतका गोड लागला की डोळे मिटले.

पंधरा-वीस दिवसांत बाग कळ्यांनी लदबदली. तसा खर्राही बहरला. आधी जेवढा खात त्याच्या दुप्पट खाऊ लागले. मोटरवर एक, मोटर बंद झाली की एक, पारावर जाताना एक, पारावरून येताना एक. घरात चोरून खात, पण खर्ऱ्याचा वास काय लपतो? वच्छलाबाईंनी एकदा ताट वाढता वाढता एवढंच म्हटलं, "भाकर कुस्करून देऊ का जी? घास लहान घेऊन राहिले तुम्ही." महादेवरावांना ते फार लागलं. रागवावं असं त्यात काही नव्हतं, म्हणून जास्तच लागलं.

फेब्रुवारी सरता सरता ते एकटेच एसटीनं नागपूरला गेले. अंजूला कळवलंसुद्धा नाही. डॉक्टर दिपालीनं तोंड मोजलं. आधीपेक्षा कमी उघडत होतं. महादेवराव खुर्चीत खाली मान घालून बसले. एवढ्या मोठ्या माणसाला आपण भ्यायलो आहोत हे कबूल करायची सवय नव्हती, पण भ्यायले होते.

डॉक्टरीण रागावली नाही. तिनं विचारलं, "पुन्हा पहिला खर्रा खाल्लात तेव्हा इच्छा नेमकी कधी झाली? त्या क्षणाला काय चाललं होतं?"

"मोटर लावली होती."

"आणि त्याआधी महिनाभर?"

"महिनाभर तर झालीच नाई."

"त्या महिन्यात मोटर?"

महादेवरावांचं तोंड उघडेल तेवढं उघडलं. "बंद होती."

मग तिनं सोपं करून सांगितलं. मेंदूत डोपामीन नावाचं एक रसायन असतं. सुरुवातीला ते खर्रा तोंडात गेल्यावर उसळतं. पुढे मेंदू हुशार होतो, त्याला कळतं की अमुक आवाज झाला की खर्रा येतो, मग ते नुसत्या आवाजालाच उसळायला लागतं. "खर्रा अजून पुडीत असतो, काका, आणि मेंदू ताट मांडून बसलेला असतो. तुमच्याकडे हे ताट मोटर मांडते."

"म्हंजे म्या खर्रा सोडलाच नव्हता," महादेवराव हळूच म्हणाले. "मोटर बंद होती, अन् मी छाती ठोकून राहिलो होतो." ते पुढे म्हणाले, "अन् वरून ताण देऊन पहिलं पाणी पाजलं म्या त्याले. बहार धरला."

"बहार कशाचा?"

"चुकीच्या झाडाचा, बाई. जाऊ द्या."

डॉक्टरीण हसली. "मोटर तर लावावीच लागेल. लावा. पण तिच्या मागून खर्रा येऊ देऊ नका. मेंदू चिडेल, आधी जास्तच मागेल. दर वेळी रिकामा परत गेला की हळूहळू मागणं कमी करेल. मधेच एकदा दिलात तर मात्र तो जास्त चिवटपणे वाट पाहायला शिकतो."

महादेवराव परतले ते मनाशी ठरवूनच. दुसऱ्या दिवशी लाइन आली, मोटर लावली आणि ते विहिरीपाशी ठाण मांडून बसले. आनंदराव आले, पन्नी काढली.

"पन्नी खिशात ठेव, आनंदा."

"काहून गा? मी का तुह्या तोंडात कोंबून राहिलो?"

"कोंबून नाई राहिला. आवाज करून राहिला."

आनंदरावांना राग आला. ते उठून गेले आणि पुढे विहिरीकडे फिरकलेच नाहीत. महादेवरावांना खर्ऱ्यापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं. मग वच्छलाबाई येऊन बसू लागल्या. पहिले दिवस भयंकर गेले. मोटर घूं करी, तोंडाला पाणी सुटे, अंगाला घाम फुटे, आणि ते बायकोवर, पाण्यावर, वीज मंडळावर खेकसत. वच्छलाबाई ऐकून घेत. मार्च गेला, ऊन तापलं, पाण्याच्या पाळ्या वाढल्या, तशी मागणी मात्र कमी होत गेली. मे महिन्यात कधीतरी मोटर चालू असताना ते वांग्याच्या भाजीच्या गोष्टी करत होते, आणि वच्छलाबाईंनी मुद्दामच त्यांना खर्ऱ्याची आठवण करून दिली नाही.

पावसाळ्यात मोटर बंद राहिली. लोक म्हणू लागले, महादेवराव जिंकले. दिवाळीला डॉक्टरिणीनं मोजलं, तोंड थोडं उघडलं होतं. डिसेंबरात बागेला पुन्हा ताण बसला, आणि पारावर कुणीतरी त्यांना दोन शब्द बोलायचा आग्रह केला. पण आता महादेवराव शहाणे झाले होते.

"मोटर बंद हाय ना बाप्पा," ते म्हणाले. "आता काय विचारता? पाणी सोडल्यावर विचारा."

तो दिवसही उगवला. त्यांनी बटण दाबलं. मोटर घूं करून सुरू झाली, आणि तोंडाला पाणी सुटलं. अगदी तस्संच. इतक्या महिन्यांनी. पण हे काय आहे हे आता त्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेल्या गोष्टीला भिणाऱ्यांपैकी ते नव्हते. ते पाय पसरून ऐसपैस बसले.

धुऱ्यापलीकडून आनंदराव आले. वर्षभरानं आले. शेजारी बसले, हात सवयीनं खिशात गेला आणि तिथंच थांबला.

"सुटलं का गा तोंडाले पाणी?" त्यांनी विचारलं.

"सुटलं."

"मंग?"

"मंग काई नाई. सुटते अन् वाळते."

"खरंच वाळते?"

"बसून पाह्य."

आनंदरावांनी खिशातून हात काढला. तो रिकामाच होता. पाणी शेवटच्या ओळीला पोचलं तेव्हा महादेवराव उठून झाडांभोवतीची आळी भरली का ते पाहायला गेले. आनंदराव मात्र उठले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरून ते मोटरीसमोर बसून होते, स्वतःच्या तोंडचं पाणी वाळायची वाट पाहत.