भरून परत गेलेला डबा

मित्रांनो, औशाहून लातूरला येणाऱ्या सकाळच्या बसमध्ये चालकाच्या पाठीमागे दहा-बारा डबे एकमेकांना खेटून बसलेले असतात. त्यांतला सर्वांत जुना, तीन पुडांचा, स्टीलचा डबा म्हणजे मी. माझ्या पोटावर टिंबाटिंबांनी 'शांतम्मा' हे नाव कोरलेले आहे. ते कोरताना बसलेले ठोके हीच माझ्या जन्माची आठवण.

शांतम्माच्या लग्नात मी तिच्या घरी आलो. कितीतरी उन्हाळे मी शेताच्या बांधावर, लिंबाच्या सावलीत उघडत राहिलो. येसराच्या आमटीचा वास माझ्या अंगात मुरला. पुढे हलके, रंगीत डबे आले आणि मी फळीवर धूळ पांघरून बसलो. तिची मुलगी शिवानी लातूरच्या कॉलेजात गेली, तेव्हा शांतम्माने मला खाली काढले, चिंचेने घासले. पुन्हा चकाकताना मला लाजल्यासारखे झाले.

आमच्याकडे शिकणाऱ्या मुलांचे जेवण असे गावाहून बसने जाते. मुले स्टँडवर येऊन डबा नेतात आणि आदल्या दिवशीचा धुऊन परत देतात. डबा स्वच्छ आला की घरी आई निश्चिंत होते.

शांतम्माही निश्चिंत होती. तिला ठाऊक नव्हते की माझ्यातल्या भाकरी लातुरातल्या तिच्या भाड्याच्या खोलीमागची गाय खात होती. ती गाय महिन्याभरात तुकतुकीत झाली आणि शिवानीच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. शाळेत पहिली येणारी ही मुलगी कॉलेजच्या पहिल्याच चाचणीत नापास झाली होती. फळ्यावरचे इंग्रजी तिच्या डोळ्यांसमोरून पाण्यासारखे वाहून जाई. माझे झाकण उघडले की तिला काळोखात उठून भाकरी थापणारी आई दिसे, आणि घास घशाखाली उतरत नसे. फोनवर मात्र ती आईला रोज सांगे, "जेवले गं, अव्वा."

त्याच सुमारास नांदेडहून तनुजा नावाच्या संशोधक आल्या. कॉलेजातली मुले नीट झोपतात का, जेवतात का, रस्त्याने जाताना भितात का, मध्येच शिक्षण का सोडतात, याचा त्या अभ्यास करीत होत्या. वर्गात सगळ्यांनी एकच उत्तर दिले, "मजेत आहोत." म्हणून त्या स्टँडवर येऊन डब्यांची वाट पाहणाऱ्या मुलींत बसल्या.

"काल डब्यात काय होतं गं?" त्यांनी सहज विचारले.

"धपाटे!"

"शेपू, मॅडम. आमच्या आईला दुसरी भाजीच दिसत न्हाई!"

सगळ्या हसल्या. शिवानी म्हणाली, "भाजी होती."

"कशाची?"

तिने माझ्याकडे पाहिले. भाजी कोणती ते तिने पाहिलेच नव्हते. गाईपुढे नुसते पालथे केले होते.

तनुजाताईंनी पेनाला टोपण लावले. "चल, चहा घेऊ."

चहा निवला, तेव्हा शिवानी बोलू लागली. "अव्वाला सांगू नका, मॅडम. ती मला घरी न्हेईल. माझं कॉलेज सुटंल."

"मी कुणालाच सांगणार नाही. सरांकडे आणि समुपदेशक ताईंकडे यायचं असेल तर मी सोबत येईन. आईला मात्र तूच सांग."

फोनवर तिला ते जमले नाही. पुढच्या खेपेला तिने मला न उघडताच परत दिले.

"आज जड लागायलाय की," वाहक मलप्पा म्हणाला. "काय पाठवायलीस?"

"तसंच द्या, मामा."

त्या संध्याकाळी शांतम्माने झाकण काढले. आंबलेल्या भाजीचा वास घरभर पसरला. पहाटे तिने मला घासून पुन्हा भरले. सकाळी मी चालकामागे नव्हतो, तिच्या मांडीवर होतो.

स्टँडवर आईला पाहताच शिवानीचा चेहरा पांढरा पडला. "मला न्यायला आलीस?"

"जेवायला आले. बस."

बाकावर माझी तिन्ही पुडे मांडली गेली. शिवानीने सगळे सांगितले, नापास झाल्याचे, गाईचेही. शांतम्माने भाकरी मोडली. "येडी! पेपर पुन्हा देता येतो. तू वाळून गेलीस तर मी डबा कुणाला देऊ?"

"म्हणजे कॉलेज?"

"ते कोण सोड म्हणालंय? आधी खा."

शिवानीने पहिला घास घेतला. दुसरा तिने आईला भरवला.

मित्रांनो, शिवानी अजून लातुरातच शिकते आहे. फळ्यावरचे सगळे तिला कळते असे नाही, पण आता ती हात वर करून विचारते. माझ्यासारख्या जुन्या भांड्यांना जपा, हे मी सांगेनच. पण त्याआधी तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावर कोण एकटे बसते ते पाहा. त्याच्याशेजारी आपला डबा उघडा, आणि त्याचे जेवण होईपर्यंत उठू नका.